चहाचे दहा रुपये सेकंदात, कापसाचा चुकारा पंधरा दिवसांनी



जिनिंगच्या रस्त्यावर हंगामात कुठल्याही चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे उभे राहा. कापसाची गाडी लावून आलेला शेतकरी चहा पितो, खिशातून फोन काढतो आणि खांबाला चिकटवलेल्या काळ्या ठिपक्यांच्या कागदासमोर धरतो. टपरीवरचा डबा मोठ्याने बोलतो, दहा रुपये आले. व्यवहार संपला. हाच शेतकरी तासाभराने काट्यावरून उतरतो, व्यापाऱ्याच्या गादीसमोर उभा राहतो आणि म्हणतो, "शेठ, पैसे रोख द्या. खात्यावर टाकू नका. शेकडा दोन कापायचे तर कापा."

शहरातल्या शहाण्यांना यातला टपरीवरचा माणूस फार आवडतो. खेडे बदलले, शेतकरी आधुनिक झाला, असे ते भाषणात सांगतात. गादीवरचा माणूस त्यांना आवडत नाही. शेतकरी अडाणी आहे, त्याला नोटा मोजल्याशिवाय झोप येत नाही, नाहीतर त्याला काहीतरी लपवायचे आहे, असे त्याच्याबद्दल बोलले जाते. माणूस एकच आहे, दिवसही एकच आहे आणि डोकेही एकच आहे. त्याने दोन्ही वेळा एकच हिशेब केला आहे. तो हिशेब समजला तर लोक फोनने पैसे देणे का सोडत नाहीत हे समजेल, आणि आपला चुकारा कुठे अडतो तेही समजेल.

आधी एक गैरसमज काढून टाकू. सरकारने सक्ती केली म्हणून लोक फोनकडे वळले, असे सरकारही सांगते आणि सरकारचे विरोधकही सांगतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. चलनातल्या नोटांच्या किमतीपैकी ८६ टक्के किंमत एका भाषणात गेली. कापूस वेचणीचे दिवस होते. मजुरांना द्यायला सुटे नव्हते, व्यापाऱ्याकडे नव्या नोटा नव्हत्या, चेक घ्यावा तर तो वटेपर्यंत वेचणी कशी करायची हा प्रश्न. त्यात १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेने जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घ्यायला मनाई केली. शेतकऱ्याची बँक तीच. ज्याच्या दारात त्याचे खाते, तेच दार त्याच्यासाठी बंद. शहरात मात्र एका पाकीट कंपनीच्या पानभर जाहिराती झळकल्या आणि 'कॅशलेस'चे कीर्तन सुरू झाले.

पुढे काय झाले? नोटा परत आल्या. नोटबंदीच्या आधी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांच्या हातात होते. मार्च २०२५ मध्ये ते ३६ लाख कोटींच्या वर होते, म्हणजे दुप्पट. रोकड संपवायला निघालेल्यांना रोकड संपवता आली नाही. सक्ती हेच कारण असते तर २०१७ साली बँकांच्या रांगा संपल्या तेव्हाच फोनचा खेळही संपायला हवा होता. तो संपला नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये यूपीआयचे सगळ्या देशात मिळून महिन्याला लाखभर व्यवहार होत होते. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात ते दोन हजार कोटींच्या वर गेले आणि त्यातून २४ लाख कोटींहून अधिक रुपये फिरले. दुकानदारांना दिलेल्या रकमांतल्या बहुतेक पाचशे रुपयांच्या आतल्या. ही काही बड्या शेठजींची उलाढाल नाही. चहा, भाजी, रिचार्ज, पेट्रोल, औषधाची बाटली यांचा हा ढीग आहे.

सरकारी धक्क्याने पैसा चालतो असे ज्यांना वाटते, त्यांनी दुसरा दाखला पाहावा. रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२२ पासून स्वतःचा 'डिजिटल रुपया' लोकांसाठी प्रयोग म्हणून काढला. त्याचेही पाकीट फोनवरच. खुद्द नोटा छापणारी बँक मागे उभी. तुमच्या आठवडी बाजारात कोणी मिरची विकणारीला म्हणाले का, की बाई, डिजिटल रुपयाने घेतेस का? लोकांना ज्याची अडचण नव्हती त्याचे ते औषध होते.

मग लोकांची अडचण कोणती होती?

पहिली अडचण सुट्याची. ती शहरातल्या माणसाला किरकोळ वाटते. एसटीच्या तिकिटामागे कंडक्टरने पेनाने लिहिलेले 'तीन रुपये बाकी' घेऊन जो स्टँडवर उतरला आहे आणि गर्दीत कंडक्टरला शोधत राहिला आहे, त्यालाच ती कळते. किराणा दुकानात सुट्याऐवजी दोन चॉकलेटे हातावर ठेवत. चॉकलेट परत दिले तर दुकानदार घेत नसे, म्हणजे ते चलनही एकाच बाजूने चालणारे. आता एसटीच्या तिकीट यंत्रावरही फोन चालतो. सतरा म्हणजे सतरा रुपये जातात. रुपया-दोन रुपये कोणी खात नाही.

दुसरे, तो बोलणारा डबा. पैसे दिल्याचे चित्र फोनवर दाखवून निघून जाणारे भामटे निघाले. बनावट पावती दाखवणारी ॲपही निघाली. भजी तळणाऱ्याचे हात बेसनात. तो काय प्रत्येकाच्या फोनकडे बघत बसणार? डबा बोलला की त्याला कढईवरून नजर हलवावी लागत नाही. या डब्यासाठी दुकानदार कंपनीला महिन्याचे भाडे देतो आणि कुरकुर न करता देतो, कारण घेणाऱ्याची खात्री झाल्याशिवाय कुठलाच पैसा चालत नाही. फोनच्या पैशाचा प्रसार ॲप काढणाऱ्या इंजिनिअरांनी जितका केला, तितकाच या डब्याने केला, असे माझे मत आहे.

तिसरे, घरी येणारा पैसा. कोरडवाहू मुलखातल्या प्रत्येक घरातले कोणीतरी पुण्याला, चाकणला, सुरतेला, नाहीतर ऊसतोडीला गेलेले आहे. पूर्वी मनिऑर्डर यायची. शंभराला पाच रुपये कमिशन, वर पोस्टमनच्या चहापाण्याची आशा, आणि वाट पाहण्यात गेलेले दिवस वेगळे. गावचा माणूस सुट्टीवर निघाला की त्याच्याजवळ पाकिटात पैसे द्यायचे आणि देवाचे नाव घ्यायचे. आज आईला दवाखान्यात नेले तर मुलगा कंपनीच्या गेटवरून पैसे पाठवतो आणि औषधाच्या दुकानात पावती होईपर्यंत ते आलेले असतात. ज्या घराने हे एकदा अनुभवले, त्या घराला फोनने पैसे का वापरता असे विचारायला कोणी जाऊ नये.

चौथी गोष्ट वेळेची. बँक तालुक्याला, उघडते दहाला, रांग लागते नऊला. दोन हजार काढायचे तर एक रोज बुडतो आणि एसटीचे भाडे जाते. दोन हजारांवर तीनशे-चारशे रुपये खर्च करून ते हातात येत असतील तर तो एक प्रकारचा करच झाला. गावातल्या गावात, रात्री आठ वाजता, कृषी केंद्राच्या ओट्यावर उभे राहून फवारणीच्या औषधाचे पैसे देता आले, तर हा कर वाचतो. शिवाय तारीख राहते. उधारीच्या भांडणात आजवर वही दुकानदाराची आणि आठवण आपली. निकाल वहीच्या बाजूने. फोनमध्ये राहिलेली नोंद दुकानदाराला खोडता येत नाही. थोरल्या पिढीतल्या अनेकांना ते ॲप वाचता येत नाही हे खरे. पण नातू आहे. नातवाला पिन माहीत असणे धोक्याचे आहे, हेही खरे. तरीसुद्धा म्हातारा म्हणतो, बँकेच्या बाबूपेक्षा नातू बरा, निदान तो 'उद्या या' म्हणत नाही.

हे सगळे फुकट आहे म्हणून चालते, असे काही अर्थतज्ज्ञ सांगतात. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून बँकांनी घ्यायची कटती सरकारने शून्य केली. ती पुन्हा लावली तर लोक रोकडीकडे धावतील, असे त्यांचे म्हणणे. दहा-वीस रुपयांच्या धंद्यात शेकडा एकसुद्धा जड जातो, त्यामुळे या म्हणण्यात तथ्य आहे. पण सगळे तथ्य त्यात नाही. आफ्रिकेतल्या केनिया देशाकडे पाहा. तिथली जमीन, पाऊस आणि कर्ज यांची गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल अशी आहे. मार्च २००७ मध्ये तिथल्या सफारीकॉम या टेलिफोन कंपनीने 'एम-पेसा' सुरू केले. पेसा म्हणजे तिथल्या स्वाहिली भाषेत पैसा. साधा बटणांचा फोन, इंटरनेट नाही, एसएमएसने पैसे जातात. नैरोबीत कामाला गेलेला माणूस तिथल्या टपरीवाल्या एजंटाकडे नोटा देई आणि गावाकडे त्याची बायको गावच्या टपरीवरून नोटा घेई. हे फुकट नव्हते. पैसे पाठवायला दर, काढायला दर. तरी काही वर्षांत जवळपास घरोघर ते पोचले. टॅवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये असा अंदाज मांडला की एम-पेसामुळे केनियातली सुमारे दोन टक्के कुटुंबे अतिदारिद्र्यातून बाहेर आली, आणि स्त्रिया कर्त्या असलेल्या घरांना त्याचा फायदा अधिक झाला.

गरिबाला फुकटच हवे असते, हा समज केनियाने खोटा ठरवला. गरीब माणूस दाम मोजतो. पैसा पूर्ण पोचला, लगेच पोचला आणि वाटेत कोणी हात घातला नाही, तर त्या कामाचा दाम तो देतो. पोचलेला पैसा हवा तेव्हा नोटांत बदलता येतो ही खात्रीही त्याला लागते. नोटांचा रस्ता मोकळा आहे म्हणूनच त्याला फोनच्या रस्त्याची भीती वाटत नाही. हे नोटबंदी करणाऱ्यांना कळले नाही.

वाटेत हात घातला गेला की काय होते, याची आपल्या देशातली दोन उदाहरणे ताजी आहेत.

पहिले पाकिटाचे. इथे एक फरक समजून घ्या. पाकीट म्हणजे वॉलेट, त्यात आपण आधी पैसे भरून ठेवतो. ते पैसे त्या कंपनीकडे असतात. यूपीआयमध्ये पैसे आपल्या बँक खात्यातच असतात, फोन फक्त बँकेला हुकूम देतो. नोटबंदीत पेटीएमचे पाकीट सर्वांत पुढे होते. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर बंधने घातली आणि १५ मार्च २०२४ नंतर तिच्या खात्यांत आणि पाकिटांत नवे पैसे भरणे बंद झाले. असलेली शिल्लक काढण्याची किंवा खर्चण्याची मुभा होती, तरी लोकांची धावपळ व्हायची ती झालीच. पण फोनने पैसे देणे मात्र थांबले नाही. लोक त्या दुकानातून उठले आणि शेजारच्या दुकानात गेले. त्यांचे प्रेम कुठल्या कंपनीवर नव्हतेच. मात्र शेजारची दुकानेही मुख्यतः दोनच आहेत, फोनपे आणि गुगल पे, आणि देशातल्या यूपीआयच्या पाचांपैकी चार व्यवहार या दोघांकडून होतात. एका कंपनीकडे ३० टक्क्यांहून अधिक वाटा असू नये हा नियम २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत पुढे पुढे ढकलत २०२६ च्या अखेरीपर्यंत नेली आहे. दोनच व्यापारी असलेल्या बाजारात भावाचे काय होते, हे कापूस उत्पादकाला शिकवायची गरज नाही.

दुसरे उदाहरण बंगळुरूचे. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या विक्रीकर खात्याने छोट्या दुकानदारांच्या फोनवर आलेल्या पैशांच्या नोंदी काढल्या आणि त्यावरून जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. भाजीवाले, बेकरीवाले, दूधवाले. नोटिसांतले आकडे पाहून त्यांचे डोळे फिरले. काही दिवसांत दुकानांवरचे ठिपक्यांचे कागद फाडले गेले आणि 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. देशातले संगणकाचे सर्वांत मोठे शहर ते! तिथल्या दुकानदाराला कोणी अडाणी म्हणाले नाही. रस्त्यात नाके बसले की गाडी आडरस्त्याने जाते, एवढेच ते होते.

आता आपल्या गादीवर या.

कापसाचे पैसे खात्यावर नकोत असे जो शेतकरी म्हणतो, त्याच्या खात्याची अवस्था काय आहे? दोन वर्षे अतिवृष्टी, एक वर्ष बोंडअळी, पीककर्ज थकले. कर्ज थकले की बँक त्याच्या बचत खात्याला 'होल्ड' लावते. पीएम किसानचे दोन हजार असोत, अतिवृष्टीची मदत असो, पीकविमा असो, नाहीतर स्वतःच्या कापसाचा चुकारा असो, पैसे खात्यात दिसतात, निघत नाहीत. मदतीच्या रकमा कर्जात वळवू नका अशा सूचना सरकार बँकांना वेळोवेळी देते. सूचना फायलीत राहतात आणि होल्ड खात्यावर राहतो. मॅनेजर म्हणतो, वरून आदेश आहे. वर म्हणजे कुठे, ते विचारायचे नसते.

हे नवे नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदीत ज्यांनी कापूस घातला आहे, त्यांना हे पाठ आहे. चुकारा हप्त्याहप्त्याने, आणि त्यातून सोसायटीच्या कर्जाची वसुली परस्पर. शेतकऱ्याच्या हातात चुकाऱ्याऐवजी कपातीची यादी पडायची. त्या काळी कापूस रात्रीच्या अंधारात सीमा ओलांडून जायचा. आज कापूस दिवसाउजेडी विकला जातो, पण पैसे अंधारात घ्यावे लागतात. ज्या खात्यात पैसा अडकतो त्या खात्यात पैसा जाऊ द्यायचा नाही, हा निर्णय शहाणपणाचाच आहे.

कर्ज घेतले तर फेडू नये का, असे कोणी विचारील. फेडावे की नाही आणि ते मुळात थकते का, यावर आपण रात्ररात्र बोललो आहोत, पुन्हाही बोलू. आजचा मुद्दा वेगळा आहे. बचत खाते हे गहाणखत नाही. तारण म्हणून बँकेकडे सातबारा आहे, बोजा चढवलेला आहे. नोव्हेंबरात आलेले सगळे पैसे न विचारता अडवले तर पुढची वेचणी कशी होणार, रब्बीची ज्वारी कशी पेरणार? बँकेलाही यातून काही मिळत नाही. शेतकरी तिच्याकडे पैसा नेतच नाही. तो बायकोच्या नावाने दुसऱ्या बँकेत खाते काढतो, नाहीतर रोख घेतो. वसुली शून्य, आणि खातेदारही हातचा गेला.

किंमत मात्र शेतकरी भरतो. खेडा खरेदीत रोख पाहिजे म्हटले की कुठे शेकडा एक, कुठे दोन कटती. सीसीआय हमीभावाचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच टाकते. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. ज्याच्या खात्याला होल्ड आहे त्याने 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करून, ओलाव्याची परीक्षा पास करून तिथे कापूस घातला, तरी पैसा बँकेच्या घशात. म्हणून तो व्यापाऱ्याला हमीभावाच्या खाली देतो आणि त्यातला फरक मुकाट्याने सोसतो. ज्वारी हमीभावाच्या केंद्रावर घालणाऱ्याचीही हीच कथा. हा फरक होल्डचा आहे. तो कुठल्याही अहवालात दिसत नाही.

ज्यांच्या खात्यावर होल्ड नाही, त्यांची गत वेगळी. ते खात्यावर पैसे घ्यायला तयार असतात आणि व्यापारी म्हणतो, पंधरा दिवसांनी टाकतो, महिन्याने टाकतो, किंवा पुढच्या तारखेचा चेक घ्या. पूर्वी सबब असायची की बँक बंद, शनिवार-रविवार, सणाची सुट्टी. ती सबब आता मेली आहे. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सगळे दिवस चालते. आयएमपीएसने एका वेळी पाच लाखांपर्यंत रक्कम क्षणात जाते. यूपीआयवर माणसाकडून माणसाला दिवसाला साधारण लाखाची मर्यादा आहे, म्हणून गाडीभर कापसाचे पैसे त्यातून एका दमात जाणार नाहीत हे मान्य. पण बाकीचे रस्ते मध्यरात्रीही उघडे आहेत. बाजार समितीच्या नियमांत मालाचे पैसे ताबडतोब देण्याचे बंधन आहे, ते तर फोन येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

तेव्हा उशीर यंत्राचा नाही, नियमाचा नाही. तो फायद्याचा आहे. हिशेब करा. वीस क्विंटल कापूस, ७,५०० रुपये भाव, रक्कम दीड लाख. एक महिना चुकारा अडला. व्यापाऱ्याने हा पैसा बँकेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी घेतला असता तर महिन्याचे १,५०० रुपये व्याज पडले असते, ते वाचले. त्याच महिन्यात शेतकऱ्याने वेचणीसाठी आणि घरखर्चासाठी शेकडा तीनने सावकाराकडून तेवढी रक्कम उचलली, तर ४,५०० रुपये गेले. क्विंटलमागे सव्वादोनशे. भावात पन्नास रुपयांसाठी आपण गाडी या जिनिंगवरून त्या जिनिंगवर नेतो, आणि उधारीत सव्वादोनशे सोडून येतो! टपरीवाल्याने चहाचे दहा रुपये महिनाभर उधार ठेवायचे आम्ही म्हटले तर तो कप हिसकावून घेईल. आम्ही दीड लाखाचा माल टाकून हात जोडून परत येतो.

एक बाजू आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. वेचणीला येणाऱ्या बाया किलोवर मजुरी घेतात आणि बाजाराच्या दिवशी हिशेब होतो. त्यांतल्या पुष्कळजणी फोनवर पैसे नको म्हणतात. कारण घरातला फोन नवऱ्याचा किंवा पोराचा. फोनवर टाकलेली मजुरी तिच्या हातात येईलच असे नाही, संध्याकाळी तिची बाटलीही होऊ शकते. बँकेच्या होल्डबद्दल आपण ओरडतो तेव्हा हा घरचा होल्डही आठवावा. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार बायांच्या स्वतःच्या खात्यांत येऊ लागले आणि अनेकींनी पहिल्यांदा बँकेची पायरी आपल्या कामासाठी चढली. खाते तिचे झाले. फोन आणि पिन तिची होईपर्यंत तिने नोटा मागितल्या तर शेतमालकाने तोंड वाकडे करू नये, नोटाच द्याव्यात.

आणि फसवणुकीबद्दल थोडे, कारण दर सभेत कोणीतरी रडत येतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकली म्हणजे पैसे गेले. 'तुमच्या विम्याचे पैसे आले आहेत, पिन टाका' म्हणणारा चोर आहे, मग तो बँकेचे नाव सांगो की कृषी खात्याचे. पैसे मागण्याची विनंती फोनवर धाडून फसवण्याचा जो प्रकार होता, तो माणसामाणसांतल्या व्यवहारांत १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आला, पण चोर नवे रस्ते काढतातच. पैसे गेले तर लाजेने गप्प न बसता त्याच तासात १९३० या नंबरवर फोन करा. पाकिटात किंवा फोनच्या खात्यात पंधरवड्याच्या खर्चापुरतेच ठेवा. कापसाची रक्कम ज्या खात्यात आहे ते खाते फोनला जोडूच नका, त्यासाठी वेगळे खाते असू द्या. रेंज जाते, सर्व्हरही बसतो. मार्च आणि एप्रिल २०२५ मध्ये देशभर यूपीआय काही तास बंद पडले होते. तेव्हा कोपरीच्या खिशात दोनशे-चारशेच्या नोटा असाव्यात.

जिल्ह्याच्या बैठकीत या विषयावर दोन मागण्या मांडायच्या आहेत. कोर्टाच्या हुकुमाशिवाय बचत खात्याला होल्ड लावता कामा नये, आणि लावलेला असेल तर बँकेने कोणत्या नियमाने, किती रकमेसाठी, कोणत्या तारखेपासून लावला हे लेखी द्यावे. दुसरी, बाजार समितीच्या काट्यावर वजनाची पावती फाडली की त्याच पावतीवर पैसे पाठवल्याचा नंबर पडला पाहिजे. नंबर नसेल तर गाडी खाली होणार नाही. ही दुसरी मागणी सरकारकडे करायचीसुद्धा गरज नाही. एका काट्यावरच्या पन्नास गाड्यांनी एकत्र ठरवले तर ती त्याच दिवशी अमलात येते.

मागण्या तोंडी मांडल्या की अधिकारी 'अशी तक्रार आमच्याकडे नाही' म्हणतात. म्हणून बैठकीला येताना या हंगामातली कापसाची किंवा ज्वारीची पट्टी आणि बँकेचे पासबुक दोन्ही घेऊन या. पट्टीची तारीख एका रकान्यात, पैसे जमा झाल्याची तारीख दुसऱ्यात, मधले दिवस तिसऱ्यात. ज्यांनी रोख घेतले त्यांनी कटती किती गेली ते लिहावे. खात्याला होल्ड असेल तर पासबुकाच्या त्या पानाची झेरॉक्स जोडावी. तालुक्याप्रमाणे वह्या ठेवल्या आहेत. दहाच्या आत आलात तर नोंद सभेआधी होईल, उशीर झाला तर जेवणाच्या सुट्टीत.